दादर टीटीतली ट्राम

यंदाच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसातला मी कुलाब्याच्या इलेक्ट्रिक हाउससमोर उभी होते. मुंबईच्या जुन्या ट्रामच्या मार्गावरून चालत जायचा एक हेरिटेज वॉक होता. कुलाबा ते पायधुणी, तीन तास, माणशी आठशे रुपये, शेवटी इराण्याकडे चहा आणि बनमस्का. आम्ही एकोणीस जण होतो. बरेचसे माझ्यासारखेच, म्हणजे तिशीच्या आतबाहेरचे आणि लॅपटॉपवर पोट भरणारे. दोन आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनी होत्या, आणि एक निवृत्त जोडपं होतं.

गाइडनं सुरुवातीलाच विचारलं, "दादर टीटी म्हणजे काय, सांगा बघू कोणी?"

एकजण म्हणाला, तिकीट तपासनीस. सगळे हसले. मी म्हटलं, "ट्राम टर्मिनस." गाइडनं खूश होऊन मला जुन्या ट्रामचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड बक्षीस दिलं.

खरं तर ते बक्षीस मी घ्यायला नको होतं. मला उत्तर माहीत होतं कारण माझे आजोबा त्या टर्मिनसवर ड्यूटी संपवून लालबागला चालत घरी यायचे. १९५६ साली ते ट्रामवर कंडक्टर म्हणून लागले आणि ३१ मार्च १९६४ला ट्राम बंद झाली तेव्हा बसवर गेले. त्या वेळी ते अठ्ठावीस वर्षांचे होते. आज मी अठ्ठावीस वर्षांची आहे.

हा लेख त्या वॉकबद्दल आहे, आणि तशा सगळ्याच वॉकबद्दल. गेल्या तीन वर्षांत मी शहरांच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास सांगणाऱ्या नऊ मार्गदर्शित फेऱ्या केल्या. सहा मुंबईत, एक कोलकात्यात आणि दोन लंडनमध्ये, कंपनीनं तिकडे सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं तेव्हा. हा प्रकार मला मनापासून आवडतो. पण नाटकाचं, सिनेमाचं, चित्रप्रदर्शनाचं परीक्षण होतं तसं याचं होताना दिसत नाही. पाच तारे आणि 'मस्ट डू' एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक हेरिटेज वॉकलाही संहिता असते, निवेदक असतो, संपादन असतं. काय सांगायचं आणि काय गाळायचं याचे निर्णय असतात. शहरातल्या सुशिक्षित तरुण वर्गाचा एक मोठा भाग आता शहराचा इतिहास पुस्तकांतून वाचत नाही, तो चालत ऐकतो. मग त्या संहितेकडे संहिता म्हणून बघायला हवं.

*

आधी आमच्या गाइडचं श्रेय त्याला देते. त्याचा अभ्यास होता, आवाज चांगला होता, आणि रविवारच्या कुलाब्यात एकोणीस माणसांना रस्ता ओलांडून देणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्यानं सांगितलेल्या बहुतेक गोष्टी बरोबर होत्या. ९ मे १८७४ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. पहिले मार्ग दोन : कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटमार्गे, आणि बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीमार्गे. ७ मे १९०७ला विजेची ट्राम आली. १९२०मध्ये दुमजली ट्राम. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस. १९३७मध्ये दुमजली बस. ७ ऑगस्ट १९४७ला कंपनी महापालिकेकडे आली. ३१ मार्च १९६४ला रात्री दहाला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली.

ही यादी वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल की ती 'पहिली' आणि 'शेवटची' यांची यादी आहे. आमचा वॉक असाच होता, आणि मी केलेले मुंबईतले बाकीचे पाचही कमीअधिक असेच होते. रेल्वेचा वॉक असेल तर १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी. हे प्रत्येक वेळी येतं. ते खोटं नाही आणि रंजक आहे. पण पहिल्या दिवशीच्या गाडीत बसलेली माणसं निमंत्रित होती. त्यांना कुठे पोचायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काय झालं, तिसऱ्या महिन्यात कोण चढायला लागलं, पाचव्या वर्षी कोणाचं आयुष्य या वेळापत्रकावर बेतलं जाऊ लागलं, हे वाहतुकीच्या इतिहासाचे प्रश्न. त्यांच्याकडे वॉक वळतच नाही.

एक साधं उदाहरण. गाइडनं सांगितलं की १८७४मध्ये कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे होतं. सगळे हसले. "फक्त तीन आणे!" असं कोणीतरी म्हणालं, आणि गाइडही हसला. मी सवयीनं फोनवर हिशोब केला. जाऊन-येऊन सहा आणे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एकशे छप्पन्न आणे, म्हणजे नऊ रुपये बारा आणे. त्या काळच्या गिरणीतल्या साध्या कामगाराच्या पगाराचा हा भलामोठा घास आहे. म्हणजे सुरुवातीची ट्राम त्याच्यासाठी नव्हतीच. तो चालत होता. त्याच वर्षात भाडं तीनाचे दोन आणे करावं लागलं, आणि सुरुवातीला न दिली जाणारी तिकिटंही छापायला लागली. त्या एका आण्याच्या कपातीत खरी गोष्ट आहे : ट्रामला शहर हवं होतं की शहराला ट्राम, आणि शहर म्हणजे नेमकं कोण. पण वॉकमध्ये 'तीन आणे' हा आकडा हसण्यापुरता आला आणि गेला. जुना आकडा आजच्या रुपयांशेजारी ठेवला की तो गोंडस दिसतो. त्या काळच्या पगाराशेजारी ठेवला तर तो बोलायला लागतो.

*

दुसरी गोष्ट इमारतींची.

रीगलपासून फ्लोरा फाउंटन, तिथून बोरीबंदर, मग क्रॉफर्ड मार्केट आणि पायधुणी. हा खरंच १८७४च्या पहिल्या मार्गाचा माग आहे, आणि कल्पना म्हणून सुंदर आहे. पण तीन तासांतले निम्म्याहून जास्त आम्ही इमारतींसमोर माना वर करून उभे होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर तर अर्धा तास गेला. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, १८७८ ते १८८८, घुमट, त्यावरचा प्रगतीचा पुतळा, दगडातली माकडं आणि मोर, २००४मधलं युनेस्कोचं मानांकन. आर्किटेक्चरच्या मुली टिपणं काढत होत्या, त्यांचं बरोबरच होतं. पण या वॉकचा विषय ट्राम होता. ट्रामला अशी इमारत नसते. तिला रस्ता असतो, थांबा असतो, आणि दोन थांब्यांमधला वेळ असतो.

माझ्या धंद्यात आम्ही जाळं काढतो तेव्हा बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असं काढतो. बिंदू काढणं सोपं, त्यांना नाव असतं, जागा असते. सगळं काम रेषांवर होतं : कशातून किती जातं, कुठे तुंबतं, एक तुटली तर भार कुठे वळतो. वाहतुकीच्या इतिहासाचे वॉक बिंदू दाखवतात. रेषा दाखवणं अवघड आहे हे मान्य, तिचा फोटो निघत नाही. पण मार्गच जर विषय असेल तर निदान त्या मार्गावरून एकदा प्रवास तरी घडवावा! आम्ही तीन तासांत एकाही वाहनात बसलो नाही. आमच्या शेजारून बेस्टच्या बसेस जात होत्या, त्यातल्या काही त्याच रस्त्यांवरून ज्यांवर एकेकाळी रूळ होते. कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. उलट बस आली की गाइड थांबायचा आणि आवाज कमी व्हायची वाट बघायचा.

फ्लोरा फाउंटनपाशी त्यानं सांगितलं की कारंज्याच्या जीर्णोद्धाराच्या वेळी खोदकामात ट्रामचे जुने रूळ सापडले. या वाक्यावर सगळ्यांनी खाली बघितलं. वॉकमधला तो सगळ्यात चांगला क्षण होता, कारण पहिल्यांदा माना वरून खाली आल्या. रूळ काढून टाकायलाही पैसे लागतात म्हणून कित्येक ठिकाणी त्यांच्यावरच डांबर घातलं जातं. जुनी प्रणाली बंद करताना आम्हीही हेच करतो. काढायला वेळ नसतो, म्हणून वर थर चढवतो. नाव मात्र राहून जातं. दादर टीटीमधला पहिला टी असाच राहिला आहे, आणि 'बेस्ट'मधलाही. १९०५मध्ये कंपनीच्या नावात तो टी ट्रामवेजचा होता. १९४७मध्ये ती पालिकेकडे आली तेव्हा तोच टी ट्रान्सपोर्टचा झाला. अक्षर बदलावं लागलं नाही, अर्थ बदलला.

त्याच्या आधीची ई आणि एस ही अक्षरं कोणी विचारात घेतच नाही. आम्ही सुरुवात केली तिथल्या थांब्याचं नावच इलेक्ट्रिक हाउस आहे. ट्राम चालवणारी कंपनी वीज विकणारी कंपनी होती. रस्त्यावर ट्राम आली आणि दुकानात दिवा आला तो एकाच घरातून. पुढे बेस्टच्या बसचा तोटा वर्षानुवर्षं विजेच्या नफ्यातून भरून निघायचा. म्हणजे माहीमच्या एखाद्या फ्लॅटमधला पंखा धारावीतून सुटणाऱ्या बसचं तिकीट स्वस्त ठेवत होता. हा हिशोब पुढे वीज नियमनाच्या चौकटीत बसेनासा झाला, आणि बेस्टच्या आजच्या दुखण्याची एक मोठी मुळी तिथे आहे. इलेक्ट्रिक हाउससमोर उभं राहून हे पाच मिनिटांत सांगता येतं. आम्हाला तिथे घोड्यांची गोष्ट सांगितली गेली.

*

आजोबा २०१९मध्ये गेले. मी कॉलेजात असताना त्यांना ट्रामबद्दल विचारायचे. मला वाटायचं, ते काहीतरी धुंद, काळ्यापांढऱ्या सिनेमासारखं सांगतील. ते पायांबद्दल सांगायचे. दुमजली ट्रामचा जिना दिवसातून किती वेळा चढायचा, गर्दीत खांबाला पाठ टेकायची कशी, चामड्याची पिशवी एकाच खांद्यावर ठेवली तर म्हातारपणी काय होतं. "बाय, तुला काय ट्रामची हौस," म्हणायचे, "मला विचार गुडघ्याला."

त्यांनी एकच गोष्ट खरोखर रंगून सांगितली होती, आणि ती नाण्यांची होती. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नये पैसे झाले. म्हणजे एक आणा बरोबर सव्वासहा नये पैसे. पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून तक्ता आला : एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. काही काळ दोन्ही नाणी चालत होती. आता कंडक्टरच्या पिशवीचा विचार करा. सहा नये पैशांच्या तिकिटाला चौघांनी एकेक आणा दिला तर पिशवीत पंचवीस नये पैसे येतात आणि तिकिटं चोवीसची फाटलेली असतात. एकोणीसच्या तिकिटाला चौघांनी तीन-तीन आणे दिले तर पिशवीत पंचाहत्तर आणि तिकिटं शहात्तरची. एकीकडे पैसा जास्त, एकीकडे कमी. जास्त झाला तर प्रवासी म्हणणार कंडक्टरनं खाल्ला. कमी पडला तर तो खिशातून भरायचा. "सरकारनं पैसा बदलला," आजोबा म्हणायचे, "पण भांडण आमच्याशी."

माझ्या कामात याला पूर्णांकनातली चूक म्हणतात. एका व्यवहारात ती दिसत नाही, लाखो व्यवहारांत ती कोणाच्या तरी खात्यात साचते. कोणाच्या, हे प्रणाली आखणारा ठरवतो, बहुतेकदा न ठरवता ठरवतो. १९५७ साली मुंबईच्या ट्राममध्ये ती कंडक्टरच्या खिशात साचली. हे मला नऊपैकी एकाही फेरीत ऐकायला मिळालं नाही. कारण उघड आहे : याला इमारत नाही, आणि ही कशाचीच पहिली किंवा शेवटची वेळ नाही. पण शहराची वाहतूक रोज कशी चालते हे कळायला या एका तक्त्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं मला आठवत नाही.

वॉकमध्ये कंडक्टर आला, नाही असं नाही. बोरीबंदरपाशी गाइडनं तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला. हुबेहूब होता. सगळ्यांना आवडला. मलाही.

*

आता 'शेवटची'कडे येते. माझी खरी तक्रार तिथे आहे.

आमच्या गाइडचं ट्रामबद्दलचं शेवटचं वाक्य असं होतं : "आणि मग काळाच्या ओघात १९६४मध्ये ट्राम बंद पडली." असंच वाक्य मी दुमजली बसबद्दल, नीलांबरी या उघड्या टपाच्या बसबद्दल, गिरण्यांबद्दलही ऐकलं आहे. या वाक्याला कर्ताच नाही. ट्राम बंद पडत नाही, ती बंद केली जाते. १९५३पासून एकेक मार्ग काढून घेतला जात होता. रस्ते अरुंद आहेत, मधोमध रूळ आहेत, मोटारींना अडथळा होतो, ही कारणं दिली जात होती. त्या कारणांत तथ्य नव्हतं असं मला म्हणायचं नाही. पण रस्त्यावर कोणाचा हक्क पहिला, ट्राममधल्या शंभरांचा की मोटारीतल्या दोघांचा, हा प्रश्न तेव्हा एका विशिष्ट बाजूनं सोडवला गेला. तो निर्णय होता. त्याला पर्याय होते. १९६२मध्ये तर विजेच्या तारेवर चालणारी ट्रॉलीबसही सुरू झाली होती, ती १९७१मध्ये गुंडाळली गेली. रुळांशिवाय वीज, हा आज पुन्हा नव्यानं शोधल्यासारखा वाटणारा विचार मुंबईनं नऊ वर्षं करून बघितला होता. वॉकमध्ये तिचं नावही आलं नाही. अपयशी प्रयोगाला ना उद्घाटनाची कथा चिकटते ना निरोपाची.

निरोपाची कथा मात्र आपल्याला फार आवडते. १५ सप्टेंबर २०२३ला जुनी डिझेलवरची दुमजली बस शेवटची धावली, अंधेरीत, ४१५ क्रमांकाच्या मार्गावर. हार, फुगे, गर्दी, फोटो. मीही गेले होते आणि माझ्याकडेही फोटो आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशा नऊशेच्या आसपास बसेस शहरात होत्या. नऊशेच्या शंभर होतात, शंभरच्या दहा होतात, तेव्हा कोणी हार घेऊन येत नाही. आजोबा शेवटच्या ट्रामबद्दलही हेच सांगायचे : त्या रात्री जितकी माणसं रस्त्यावर होती तितकी जर रोज ट्राममध्ये चढली असती तर साहेबांना तोट्याचं कारण शोधावं लागलं असतं. यातला पहिला भाग त्यांचा अनुभव, दुसरा त्यांचा राग. राग हिशोबाला अगदी बरोबर असेलच असं नाही.

लंडनमध्ये मी हे वेगळ्या तऱ्हेनं होताना पाहिलं. तिथलं परिवहन संग्रहालय बंद पडलेल्या भुयारी स्थानकांच्या फेऱ्या काढतं. त्यातल्या ऑल्डविचच्या स्थानकात मी गेले होते. १९०७ला उघडलेलं, १९९४ला बंद केलेलं. फेरी महाग होती, आणि नाटकीपणा तिथेही होता. दुसऱ्या महायुद्धात लोक इथे कसे झोपायचे हे सांगताना दिवे मंद केले जातात. पण बंद का केलं, याचं उत्तर आकड्यांत दिलं गेलं : लिफ्ट जुन्या झाल्या होत्या, त्या बदलायचा खर्च अमुक, आणि रोजचे प्रवासी साडेचारशेच्या आसपास. मग गाइडबाईंनी आम्हाला विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" आमच्यात पंधरा मिनिटं खरंखुरं भांडण झालं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, प्रवासी साडेचारशेच उरले कारण गाड्याच गर्दीच्या वेळेपुरत्या ठेवल्या होत्या. म्हणजे आधी सेवा कमी करायची, मग वापर कमी झाला म्हणून ती बंद करायची. त्यांचं हे वाक्य मी मुंबईला परत घेऊन आले. तुमच्या घराजवळच्या बसथांब्यावर ते लावून बघा.

आणि कोलकाता. तिथली ट्राम १८७३मध्ये पहिल्यांदा धावली आणि १९०२पासून विजेवर. भारतात ट्राम उरलेलं हे एकच शहर. २०२४च्या सुरुवातीला कामासाठी गेले असताना मी एका सजवलेल्या ट्राममधून मार्गदर्शित फेरी केली. गाणी होती, चहा होता, खिडकीत झेंडूच्या माळा होत्या. दुसऱ्या दिवशी मी श्यामबाजारची साधी पाच नंबरची ट्राम पकडली. शेजारी एक बाई मांडीवर शिवणाच्या कापडांचं गाठोडं घेऊन बसली होती. कॉलेज स्ट्रीटला पुस्तकांचे गठ्ठे घेऊन दोन मुलं चढली. ट्राम ज्या गतीनं चालत होती तिला गती म्हणणंही धाडसाचं होतं. पण गाठोडं, गठ्ठे आणि म्हातारी माणसं तिच्यात होती कारण पायरी खाली होती आणि तिकीट स्वस्त होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड हा एक हेरिटेज मार्ग ठेवून बाकीच्या ट्राम बंद करायच्या. ट्रामप्रेमींनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात होतंच.

त्या घोषणेतली वाटणी नीट बघण्यासारखी आहे. माझी पहिल्या दिवशीची ट्राम ठेवायची, दुसऱ्या दिवशीची काढायची. झेंडूच्या माळा राहतील, गाठोडं जाईल. 'हेरिटेज' हा शब्द इथे जपणुकीसाठी आलेला नाही. सेवा बंद करताना विरोध सौम्य व्हावा म्हणून तो आला आहे. शहराला ट्राम हवी असं म्हणणाऱ्यांना ट्राम मिळते, फक्त ती कुठे नेत नाही.

*

यावर गाइड मंडळींचा एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. लोक रविवारी सकाळी आठशे रुपये देऊन वीज नियमन आणि पूर्णांकनातली चूक ऐकायला येत नाहीत. वॉक म्हणजे ग्रंथालय नव्हे. शिवाय या फेऱ्यांमुळेच तर माझ्यासारख्या पिढीला रूळ होते हे कळतं. हे सगळं खरं. मी स्वतः आजोबांना प्रश्न विचारायला लागले ते कॉलेजात असताना केलेल्या अशाच एका फेरीनंतर. तो वॉक नसता तर नये पैशांचा तक्ता त्यांच्याबरोबरच गेला असता.

पण लंडनच्या त्या पंधरा मिनिटांच्या भांडणात कोणी कंटाळलं नव्हतं. लोकांना हिशोब नको असतो हा गाइडचा समज आहे, श्रोत्यांचा नव्हे. तीन आण्यांवर आम्ही हसलो कारण आम्हाला पगार सांगितला गेला नाही. सांगितला असता तर हसू थांबलं असतं आणि वॉक तिथे खऱ्या अर्थानं सुरू झाला असता. त्यासाठी जास्त वेळ लागत नाही, फक्त प्रत्येक थांब्यावर तीन गोष्टी विचाराव्या लागतात : यात कोण चढू शकत नव्हतं, चालवणाऱ्याच्या अंगावर काय पडत होतं, आणि बंद करायचं कोणी ठरवलं. अणिकच्या बेस्ट आगारात बेस्टचं स्वतःचं संग्रहालय आहे. तिथे जुनी तिकिटं आहेत, चिमटे आहेत, ट्रामच्या प्रतिकृती आहेत. या तीन प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथल्या काचेच्या कपाटांत पडून आहेत. माझ्या सहा मुंबईकर वॉकपैकी एकही तिथे गेला नाही. तो भाग फोटोसारखा दिसत नाही, हे एक कारण असावं.

एरवी मी याबद्दल इतकं ताणलं नसतं. कोणी रविवारी घोड्यांच्या ट्रामची गोष्ट ऐकून खूश होत असेल तर माझं काय जातं? पण आत्ता, याच वर्षांत, या शहराची बस कमी होते आहे. बेस्टचा ताफा पंधराएक वर्षांपूर्वी चार हजारांच्या बराच वर होता, तो भाड्याच्या गाड्या धरूनही तीन हजारांच्या खाली आला आहे. स्वतःच्या गाड्या जाऊन कंत्राटदारांच्या आल्या. २०१९मध्ये पाच रुपयांवर आणलेलं किमान भाडं मे २०२५मध्ये दहा झालं. माझ्या वॉकमधल्या एकोणीस जणांपैकी किती जण रोज बसनं जातात हे मी चहाच्या वेळी सहज विचारलं. निवृत्त जोडपं जात होतं. बाकी आम्ही सतरा जण ट्रामवर प्रेम करत होतो आणि ॲपवरून टॅक्सी बोलावत होतो. मीसुद्धा.

'काळाच्या ओघात' या वाक्याचा परिणाम इथे होतो. ट्राम आपोआप गेली असं ज्यांना शिकवलं जातं, त्यांना बस आपोआप चालली आहे असंच वाटणार. ते तिच्या निरोपाला हार घेऊन येतील. त्याआधी एखादा मार्ग का बंद केला, असं विचारणारं पत्र ते लिहिणार नाहीत. इतिहास सांगणाऱ्या फेरीनं माणसाला नागरिक करावं अशी सक्ती नाही. पण तिनं त्याला प्रेक्षक करून घरी पाठवू नये, एवढी अपेक्षा तिकिटाच्या पैशांत बसायला हरकत नसावी.

वॉक संपल्यावर मी गाइडला बाजूला घेऊन नये पैशांची गोष्ट सांगितली. त्यानं वही काढली, तक्ता उतरून घेतला, आणि दोनदा विचारलं : एकोणीस म्हणजे कमी पडणार, बरोबर? "मी घालतो हे," म्हणाला. घालेल असं वाटतं. माणूस चांगला होता.

मग मी ठरवून बसथांब्यावर गेले. दादरकडे जाणारी बस चाळीस मिनिटांनी आली. पाटीवर मराठी आकडा, आत बसायला जागा नाही. खोदादाद सर्कल जवळ आलं तशी कंडक्टरबाईंनी हाक दिली, "टीटी, टीटीवाले पुढे या." तिघेजण पुढे सरकले. मी त्यांच्या मागे उतरले आणि आजोबांच्या रस्त्यानं लालबागपर्यंत चालत गेले. गुडघे दुखले नाहीत. माझ्या खांद्यावर पिशवी नव्हती.